पाठीखालची चुंबळ

चुंबळ करायला मला कोणी शिकवलं नाय. आईच्या पाठीमागून पाण्याला जाताना बघितलं नि आलं. जुन्या लुगड्याचा तुकडा घ्यायचा, पिळायचा, चार बोटांभोवती गोल गुंडाळायचा, शेवट आत खोचायचा. डोक्यावर ठेवली की तिच्यावर हंडा बसतो, हलत नाय, नि टाळूला टोचत नाय. मी सात वर्षांची असेन. शाळा दुसरीपतूर झाली, तिथून पुढं सगळं शिक्षण चुंबळीवरच झालं म्हणा.

डोळखांबच्या वर आमचा पाडा. पाणी डोक्यावर, जळणाची फाटी डोक्यावर, लावणीला भाताच्या रोपाच्या मुठी डोक्यावर. लग्न झाल्यावर नवऱ्याबरोबर वीटभट्टीला जायचे, तिथं विटा डोक्यावर. एकदा सहाव्या महिन्याची असताना वाहिल्या. ते पोर जगलं नाय. पुढची दोन जगली. नवरा भट्टीवरच तापानं गेला, तवा धाकटी अंगावर पीत व्हती. मंग रस्त्याच्या कामाला खडी वाहिली. हे रडगाणं नाय. सांगते कशाला, तर माझा सगळा भरवसा त्या कपड्याच्या कड्यावर व्हता. देवावर नसेल येवढा. जे जड हाय त्याच्याखाली चुंबळ घातली की माणूस टिकतं, असं मला वाटायचं.

साठीच्या पुढं गेले, गुडघे बोलायला लागले, तवा मुलगी म्हणाली, आता ओझी वाहणं बस. तिला आटगावला दिलीय. तिच्या घरापासून चालत जाण्याजोगं, हायवेच्या आत, म्हाताऱ्या माणसांना ठेवायचं एक घर व्हतं. तिथं बायका पाहिजे व्हत्या. करोनाच्या नंतरची गोष्ट. निम्म्या बायका सोडून गेल्या व्हत्या नि कोणी लवकर मिळत नव्हतं. मॅनेजरनं विचारलं, "काय येतं तुम्हाला?" मी म्हटलं, "उचलायला येतं." त्यानं लगेच ठेवली.

घर चांगलं व्हतं. गच्चीवरनं माहुलीचा डोंगर दिसायचा. वीस-बावीस माणसं, बहुतेक कल्याण-ठाण्याकडची, शिकलेली. काही चालती-फिरती, काही पलंगावरच. मी पयल्यांदा आत गेले तर डेटॉलचा वास नि फरशी अशी की माझं तोंड दिसावं. मला वाटलं, वा, काय निगा हाय! पुढं कळलं, फरशी ही येणाऱ्याला दिसते म्हणून लखलखते. ज्याचं माणूस रविवारी येणार त्याची चादर शनिवारी बदलायची. ज्याचं कोणी येत नाय त्याची सोमवारी, नायतर मंगळवारी. कोणी वाईट नव्हतं तिथं. चार बायका नि येवढी माणसं. मंग जिथं नजर पडते तिथंच हात जातो.

काम कसं वाटलेलं, ते सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. एकीनं सगळ्यांना आंघोळ घालायची. एकीनं सगळ्यांचे कपडे नि लंगोट बदलायचे. एकीनं सगळ्यांना भरवायचं. एकीनं लादी नि भांडी. मी आंघोळीवाली. सकाळी सात वाजता बादली घेऊन एका टोकानं सुरू करायचं नि दुसऱ्या टोकाला निघायचं. तोंडं बघायला टाइम नाय. पाठी बघायच्या, पाय बघायचे. महिनाभरानं मला पाठीवरनं माणूस ओळखता यायचा, तोंडावरनं नाय.

त्यात एक मास्तरीणबाई व्हत्या. चाळीस वर्सं शाळेत शिकवलेलं. अर्धांगाचा झटका येऊन डावी बाजू गेली नि बोलणं गेलं. एकच शबूद उरलेला, "पुढं." वर्गात पोर वाचताना अडलं की बाई म्हणते ना, पुढं, तसं. भूक लागली तरी पुढं, चादर ओली झाली तरी पुढं, उजेड डोळ्यावर आला तरी पुढं. भरवणारी बाई हसायची, "बाई, पुढं काय? पुढं भिंत हाय." वाईट मनानं नाय. पण अकरा जणांना भरवायचं असलं की एका शबदाचे अकरा अर्थ कोण लावत बसणार?

एका सकाळी पुसताना मला त्यांच्या माकडहाडावर लाल डाग दिसला. रुपयायेवढा. मी बोटानं चाचपलं, त्या "पुढं" म्हणाल्या, जरा दात आवळून. मी कपडे बदलणारीला सांगितलं. ती किन्हवलीची, तोंडानं फाटकी पण मनानं मऊ.

"गो, बाईंच्या पाठीला लाल झालंय. तू बघितलंस?"

"मी पुढचं बघते, मागचं तू बघतेस," ती म्हणाली. "आन मी वेगानं बदलते, डोळे मिटून. नायतर जेवण जाईल का मला?"

मॅनेजरला सांगितलं. तो फोनवर व्हता. "पावडर लावा मावशी," म्हणाला. भरवणारीला सांगून काय उपेग, तिनं तर पाठ बघितलीच नव्हती. डॉक्टर आठवड्यातनं एकदा यायचे, बीपी बघायचे, कागदावर लिहायचे. पाठ उलटून कोण दाखवणार? आंघोळीची बाई तवा दुसऱ्या टोकाला.

मंग मी माझंच डोकं चालवलं. माझं डोकं म्हणजे काय, चुंबळच. माकडहाडाला टोचतंय ना, तर त्याच्याभोवती चुंबळ घालू. हाड मधल्या पोकळीत अधांतरी राहील. घरी जाऊन माझं मऊ झालेलं लुगडं फाडलं, चांगली जाड, घट्ट चुंबळ केली, दोरा घालून टाचली. दुसऱ्या दिवशी बाईंच्या खाली सरकवली, वरनं चादर. त्यांचं तोंड सैल पडलं. मला लय बरं वाटलं. दिवसभर मनात तेच, जे डॉक्टरला सुचलं नाय ते मला सुचलं.

आठ-नऊ दिवस रोज आंघोळीनंतर मी ती चुंबळ परत नीट बसवायचे. डाग गडद व्हत गेला. लाल, मंग जांभळा. मी म्हटलं, पिकतंय, आता बसेल.

त्याच आठवड्यात नवी सिस्टर आली. मुरबाडकडची, बुद्धवाड्यातली, बाप एसटीत कंडक्टर, तीन भावंडांत हीच नर्सिंग शिकलेली. अंगानं काडी. मला वाटलं, ही काय टिकणार! पयल्याच दिवशी तिनं कागद बघितले नाय, की फरशी बघितली नाय. एकेक माणूस कुशीवर वळवून पाठ बघत निघाली. मी बादली घेऊन मागं. मास्तरीणबाईंपाशी आली, चादर काढली, नि थांबली.

एका रातीत कातडी फुटली व्हती. मधे काळं, बाजूला पिवळं, नि भोवती गोल जांभळं कडं. त्या कड्यावर माझ्या लुगड्याच्या काठाचे वळ उमटले व्हते. माझी वीण मी ओळखली.

"हे कोणी ठेवलं?" तिनं चुंबळ हातात धरून विचारलं.

किन्हवलीची खाली बघायला लागली. भरवणारी बाई दारातनं मागं सरली. मी म्हटलं, "मी."

मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "मावशी, हात द्या." माझ्या मनगटाच्या वर अंगठ्यानं दाबलं नि सोडलं. "काय दिसलं?"

"पांढरं झालं. आता परत लाल."

"रक्त बाजूला गेलं नि परत आलं. हे जिवंतपणाचं चिन्ह. तुम्ही जवा लाल डाग बघितला, तवा दाबून पांढरा झाला असता तर नुसती कूस बदलून भागलं असतं. दाबूनही लालच राहिला तर समजायचं, आत रक्ताची वाट बंद झाली." मंग चुंबळ पुढं केली. "हिनं मधलं हाड उचललं, खरं हाय. पण कड्याखालची वाट सगळीकडनं दाबली. मधल्या मांसाला रक्त येणार कुठनं? विहिरीला पाणी येतं ते झऱ्यांनी ना? झरे बुजवले तर?"

माझा हात आपोआप डोक्यावर गेला. टाळूवर माझे केस गोल उडालेत, लहानपणापासनं. पाड्यातल्या सगळ्या बायांचे तसे. चार कोस फाटी वाहून खाली ठेवली की डोकं कड्याकडं बधिर झालेलं असायचं, मुंग्या यायच्या. हे मला माहीत व्हतं! पन्नासच्या वर वर्सं माझ्याच डोक्यावर लिहिलेलं व्हतं नि मला वाचता आलं नाय. पण माझा हंडा विहिरीपासनं घरापतूर. उतरला की रक्त परत यायचं. त्या बाईंच्या अंगावरचा हंडा त्या सोता व्हत्या, नि तो कोणी उतरवत नव्हतं.

डॉक्टर आले. काळं झालेलं कापून काढलं. खड्डा पडला, आत लिंबू बसेल येवढा. मी बॅटरी धरली व्हती. तळाशी पांढरं काहीतरी दिसत व्हतं. सिस्टर हळू म्हणाली, "हाड." माझ्या हातातली बॅटरी हलली नाय, येवढंच मी माझ्याबद्दल बरं सांगीन.

डॉक्टर म्हणाले, वय झालंय, साखर हाय, अंगात ताकद नाय, भरेल असं सांगता येत नाय. विष अंगात पसरलं तर संपलं. मुलीला बोलवा.

मुलगी पुण्याला, एकटीच. ती येण्याआधी मॅनेजरनं आमाला ऑफिसात उभं केलं. "विचारलं तर सांगायचं, आल्या तेव्हापासूनच होतं. चुंबळ-बिंबळ काढायची नाही." माझ्याकडं बघून म्हणाला, "मावशी, तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

मुलगी आली. पन्नाशीची, डोळे सुजलेले. आईची पाठ बघितली नि भिंतीला टेकली. मी म्हटलं, "ताई, हे माझ्यामुळं झालंय." नि सगळं सांगितलं, लुगड्यापासनं. मॅनेजर खोकला. खोकू दे.

ती माझ्यावर तापली, तापावंच. "अहो, करण्याआधी कोणाला विचारलंत तरी का?"

"कोणाला विचारू? जिला विचारलं तिचं ते काम नव्हतं. ज्याचं काम व्हतं त्यानं पावडर सांगितली."

मंग ती मॅनेजरकडं वळली नि विंग्रजीत बोलली. मला शबूद कळले नाय, पण तो खुर्चीत बारीक झाला. शेवटी ती मराठीत म्हणाली, "ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं तर तिथंही आई एकटीच पडणार. सिस्टर, तुम्ही काय म्हणता?" सिस्टर म्हणाली, "दर दोन तासांनी कूस बदलली, पोटात नीट गेलं, जखम रोज मी धुतली, तर मी प्रयत्न करते. शब्द देत नाही." मुलगी म्हणाली, "एक महिना. एक महिन्यात फरक दिसला नाही तर मी नेते, मग जे व्हायचं ते होवो."

जाताना ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आणखी बोलणार. तिनं नुसतं विचारलं, "ती तुमच्याशी काय म्हणते?"

"पुढं म्हणते."

"मला फोनवर पण तेच म्हणते," ती म्हणाली नि गाडीत बसली.

एक महिना. मी रात्री पडल्या पडल्या विचार केला, दोन तासांनी कूस कोण बदलणार? आंघोळवाली म्हणेल बदलणारीनं, बदलणारी म्हणेल भरवणारीनं. मला शेत आठवलं. भात कापायला बाया उतरतात तवा एक ओळीत उभ्या राहतात नि प्रत्येकीला आपली पात असते. म्हणजे आपल्यापुढचा पट्टा, ह्या बांधापासनं त्या बांधापतूर. त्यातलं कापायचं तिनंच, उचलायचं तिनंच, साप निघाला तर ओरडायचं पण तिनंच. कोणी असं नाय करत, की एकीनं सगळ्या शेताचे नुसते शेंडे धरायचे नि दुसरीनं सगळ्या शेताची नुसती बुडं कापायची. तसं केलं तर भात कोणाचाच नाय.

सकाळी सिस्टरला सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, कॉलेजात आम्हाला हेच शिकवलं होतं. पण पातीवरनं जास्त कळलं." दोघी मॅनेजरकडं गेलो. तो म्हणाला, "हे शेत नाही, मावशी." सिस्टर म्हणाली, "सर, एक महिना." त्याला पुण्याच्या ताईची भीती व्हती, म्हणून हो म्हणाला.

पलंग वाटले. एकीला तीन-चार. आंघोळ, कपडे, भरवणं, कूस, सगळं तिनंच. चालती-फिरती माणसं नि लादी सगळ्यांनी मिळून. मी मास्तरीणबाई मागून घेतल्या. किन्हवलीचीनं आपली माणसं बघितली नि कपाळाला हात लावला.

"माझ्या पातीत सगळे जाडे आले गो! तुमच्या पातीत काड्या!"

"तू डोळे मिटून बदलतेस ना, मंग तुला काय कळतंय जाडा का बारीक," मी म्हटलं. ती येवढी हसली की पलंगावरचे आजोबा पण हसले.

आठ दिवसांत घर बदललं असं नाय. दोन दिवस जेवण उशिरा झालं, लादी तशीच राहिली, मॅनेजर दारात उभा राहून घड्याळ दाखवायचा. रात्रपाळीची एकच बाई, ती कुरकुरली, पण गजर लावून उठायची. एका बाईनं कामच सोडलं. पण मला जे दिसायला लागलं ते मी जन्मात बघितलं नव्हतं. एक आजोबा रोज चहा थुंकायचे, सगळे म्हणायचे वेडे झालेत. तोच हात रोज लागल्यावर कळलं, तोंडात फोड हाय, चहा कढत लागतो. जरा निववला, की गुपचूप प्यायले. दोन वर्सं त्यांना कोणी वेडं म्हणत व्हतं एका फोडीपायी.

नि मास्तरीणबाईंचं पुढं! मला त्याचे अर्थ लागायला लागले. हळू आणि लांब म्हणाल्या की उजवं ढुंगण दुखतंय. तुटक म्हणाल्या की लघवी. खाताना घाईनं म्हणाल्या की घास डाव्या गालात अडकलाय, तिकडं त्यांना कळत नाय. मंग मी उजव्या गालात घास द्यायला लागले, बोटभर, नि गिळेपतूर थांबायला लागले. आधी तासाभरात अकरा माणसं भरवायची तवा त्यांचं निम्मं ताट परत जायचं नि वहीत लिहायचे, खात नाहीत. त्या खात व्हत्या! थांबायला कोणी नव्हतं. डाळ, अंडं उकडून कुस्करलेलं, दुपारी नाचणीची पेज. पयल्या दिवशी पेजेची वाटी संपायला पाऊण तास गेला. माझे पाय आखडले. वाटी रिकामी बघितली नि मला आपल्या पोरानं पयल्यांदा उष्टावल्यासारखं वाटलं.

कूस दर दोन तासांनी. डावी, पाठ टाळून उजवी, गुडघ्यांच्या मधे उशी, टाचा अधांतरी. ताईनं हवेची गादी पाठवली व्हती, तिचा मंद घुर्र आवाज. मी घड्याळ नीट वाचायला तिथं शिकले. सिस्टरनं मोठ्या काट्याची गंमत समजावली. म्हटलं, आधी कोणी का नाय सांगितलं, येवढं सोपं हाय ते!

नि जखम. हे मला नीट सांगायचंय.

रोज सकाळी सिस्टर धुवायची, मी बॅटरी धरायचे. मिठाच्या पाण्यानं, हळू, जसं तांदळातनं खडे काढतात. पयले दहा दिवस काय नाय. वास यायचा. मी नाकाला पदर लावला नाय, माझं केलेलं व्हतं ते. बाराव्या-तेराव्या दिवशी सिस्टर म्हणाली, "मावशी, इकडं बघा." तळाला, हाडाच्या कडेनं, लाल बारीक दाणे आले व्हते. डाळिंबाचे असतात तसे, पण मोहरीयेवढे. ओले, चकाकणारे.

"हे काय?"

"नवीन मांस."

ऐंशीच्या पुढची बाई, अर्धं अंग मेलेलं, तोंडात एक शबूद, डॉक्टरनं हात टेकलेले, नि आत खोल अंधारात हे कोणी पेरलं? सिस्टरनं पेरलं नाय. मी तर नायच. आमी दोघींनी फकत ओझं उतरवलं, वाट मोकळी केली, घास पोटात जाऊ दिला. बाकीचं त्या अंगानं सोता केलं, कोणाला न सांगता. भाताच्या लोंबीत दूध भरतं ते कोण बघतं? सकाळी बघावं तर भरलेलं. मी आयुष्यभर शेतात ते बघितलंय, पण माणसाच्या अंगात बघितलं नव्हतं. मला त्या दिवशी देवळात गेल्यासारखं वाटलं. मी चप्पल काढून आले की नाय ते खाली बघितलं पण.

एक महिना झाला. ताई आली. जखम भरली नव्हती, पण लिंबाची सुपारी झाली व्हती नि हाड झाकलं व्हतं. ती किती वेळ वाकून बघत व्हती. "हे सगळं एका महिन्यात?" सिस्टर म्हणाली, "अजून तीन-चार लागतील." ताई म्हणाली, "राहू दे इथंच." मंग खाली सतरंजीवर बसली नि आईच्या हाताला डोकं टेकलं. बाईंनी उजव्या हातानं तिच्या केसांवरनं चापटी मारल्यासारखं केलं. "पुढं," म्हणाल्या. ह्या पुढंचा अर्थ मला तवा माहीत नव्हता, अजून पण लागला नाय. तो त्या दोघींचा.

पुढं मला आणखी एक सुचलं. या खेपेला मी आधी विचारलं. सिस्टरला म्हटलं, "गुरं उठत नाय तवा दाव्याला धरून उठवतो. बाईंचा उजवा हात चांगला हाय. पलंगाच्या उजव्या कडेला एक गाठींची दोरी बांधली, तर त्या सोता जरा ओढून वळतील का?" सिस्टर डॉक्टरला विचारते म्हणाली. दोन दिवसांनी सांगितलं, करा, पण गळ्यापासनं लांब, नि आधी तुमच्यासमोर. मी मऊ लुगड्याचीच दोरी वळली. चुंबळीतलं उरलेलं लुगडं. गाठी मारल्या, मुठीत बसतील येवढ्या. बाईंच्या हातात दिली. त्यांनी ओढली, नि जिथल्या तिथं राहिल्या. "पुढं," म्हणाल्या, वैतागून. मी म्हटलं, "बाई, पोरांना तुमी येवढंच सांगायच्या, आता सोता करा."

त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जसा मी गृहपाठच नाय केलेला.

रोज सकाळ-दुपार दहा वेळा. पोळीच्या जाडीयेवढी हालचाल व्हायची, तेवढीच. मी कूस बदलायचे ती बदलायचेच.

दिवाळीच्या आधी जखम बंद झाली. वर चामडी आली, पातळ, गुलाबी, चमकणारी, ओढ्यातल्या शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी. सिस्टर म्हणाली, "ही जागा आता कायम जपायची. ही कधी पहिल्यासारखी होत नाही." मॅनेजरनं घरभर पेढे वाटले, जसं काय त्यानंच केलं. वाटू दे. पात मात्र त्यानं पुन्हा मोडली नाय. किन्हवलीची अजून म्हणते, सगळे जाडे मलाच.

मी तिथं आणखी दीड वरीस काम केलं. मंग गुडघ्यांनी नकार दिला. शेवटच्या आठवड्यात एकदा मी मधेच गुडघ्यांचं औषध आणायला गेले नि परत यायला दहा मिनिटं उशीर झाला, जीप आलीच नाय, चालत आले. धावत आत गेले, बाईंची कूस बदलायची वेळ टळलेली. पलंगापाशी आले, नि उभीच राहिले. मी सकाळी त्यांना डाव्या कुशीवर ठेवून गेले व्हते. त्या पाठीवरनं पुढं अर्ध्या उजव्या कुशीला वळलेल्या, दोरी मुठीत घट्ट, गाठीवर गाठ ओढून आणलेली, घामानं कपाळ ओलं. कोणी नव्हतं तिथं. पोळीच्या जाडीची हालचाल कधी येवढी झाली, मला कळलंच नाय.

मी उशी नीट केली. चादर बाजूला करून पाठ बघितली. डाव्या कुल्ल्यावर, जिथं त्या इतका वेळ पडल्या व्हत्या, लाल दिसत व्हतं. मी अंगठ्यानं दाबलं, नि उचलला.

पांढरं झालं. मंग कडेकडेनं लाल भरत आलं.

मी परत एकदा दाबलं, उगाच, बघायला. परत भरलं.

"पुढं," बाई म्हणाल्या. बघत काय बसलीस, जेवण आण, असा तो व्हता. मी ताट आणायला गेले.